चिंचोक्यांची निवडणूक

परिपाठात प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, आठवीतल्या एका मुलीने सुविचार वाचला, आणि मुलं खाली बसणार एवढ्यात सगळ्यांच्या मनगटावरच्या पट्ट्या एकदम थरथरल्या. माळसांगवीच्या माध्यमिक शाळेचं नवं मंत्रिमंडळ जाहीर झालं होतं. मुख्यमंत्री, नववीचा तन्मय शेटे. त्याच्या पाठोपाठ क्रीडामंत्री, सहलमंत्री, स्वच्छतामंत्री अशी नावं भिंतीवरच्या पडद्यावर उमटत गेली. कुणी उमेदवार म्हणून उभं राहिलं नव्हतं, कुणी कुणाकडे मत मागितलं नव्हतं, कुणी कुणाला दिलंही नव्हतं. टाळ्या मात्र दरवर्षीसारख्या तालात वाजल्या.

नागरिकशास्त्राच्या वाघचौरे बाई रांगेच्या टोकाला उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्या हातात नवं पाठ्यपुस्तक होतं आणि ते आदल्या दिवशी आल्यापासून त्यांचं डोकं तापलेलं होतं. मतदानाचा धडा नागरिकशास्त्रातून उचलून इतिहासात नेऊन ठेवला होता. ‘पूर्वी लोक मत देत असत’ हे धड्याचं पहिलं वाक्य. त्याच्या अलीकडे शिडाच्या गलबतांचा धडा, पलीकडे तारखात्याचा. म्हणजे बाईंनी अर्धं आयुष्य जे शिकवलं ते आता गलबतात बसवून पाठवून दिलं होतं.

हे सगळं ज्याच्यामुळे झालं त्याचं नाव ‘कौल’. मनगटावरची पट्टी माणसाची नाडी, घाम, झोप, पाणी पिणं टिपायची. हातातली पाटी, म्हणजे जिच्यावर मुलं वाचत आणि लिहीत ती काचेची पाटी, समोरच्याची नजर कुठे थांबते, कशाला हसू येतं, कशाला कंटाळा येतो ते बघायची. या सगळ्यावरून कौल प्रत्येकाच्या मनाचा कल काढायचा, आणि हजार कल एकत्र करून निकाल सांगायचा. मधल्या सुट्टीत खिचडी द्यायची की उसळ, सहल कुठे न्यायची, सगळं कौल सांगे, आणि ते बहुतेक वेळा बरोबरही असे. शाळेत हे रुळलं, मग मोठ्यांच्याही मनगटावर पट्ट्या आल्या. आता पुढच्या महिन्यात राज्यातल्या या एका जिल्ह्यात प्रयोग म्हणून ग्रामपंचायतीसुद्धा कौलानेच ठरणार होत्या. मतदान नाही, प्रचार नाही, दारू नाही, भावकीत डोकी फुटणं नाही.

याविरुद्ध कुणी ब्र काढला नाही. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त आनंद शिक्षकांना झाला होता. निवडणुकीचं काम म्हणजे शिक्षकांच्या मानेवरचं जोखड. पेट्या उचला, टेम्पोत बसा, परक्या गावच्या शाळेत बाकावर आडवे व्हा आणि पहाटे उठून मतदान केंद्र थाटा. वाघचौरे बाईंनी केंद्राध्यक्ष म्हणून असली कामं इतक्या वेळा केली होती की कौल आला तेव्हा त्यांनीही सुटकेचा निःश्वास टाकला होता. शाळेतल्या निवडणुका बंद झाल्या तेव्हाही त्या गप्प राहिल्या. आता धडाच इतिहासात गेला तेव्हा कुठे त्यांना चटका बसला.

त्या तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. चौगुले सर वाईट माणूस नव्हते. फक्त वरून आलेला कागद खाली पाठवायचा आणि खालून आलेला आवाज खालीच ठेवायचा, एवढं एक सूत्र त्यांनी नोकरीत सांभाळलं होतं. बाईंनी त्यांना विचारलं की इतिहासाच्या तासाला प्रात्यक्षिक चालतं ना? गेल्या वर्षी गारगोट्या घासून दगडी हत्यारं केली होती मुलांनी. तर मग मतदानाचंही प्रात्यक्षिक होऊ द्या.

चौगुले सर हसले. म्हणाले, करा की, त्यात काय. बाईंनी लगेच पुढची मागणी केली. प्रात्यक्षिक पोरखेळ होऊ नये, म्हणून निवडून येईल त्याचं एक मागणं सरांनी मान्य करायचं. सरांनी मनातल्या मनात हिशेब केला. निवडून कोण येणार ते कौलाने सांगितलेलंच होतं. तन्मय फार तर कबड्डीला नवी चटई मागेल. सरांनी शब्द देऊन टाकला.

नववीच्या वर्गात बाईंनी धडा शिकवला. उमेदवार म्हणजे कोण, गुप्त मतदान म्हणजे काय, ते गुप्त का ठेवायचं. शेवटी सवयीप्रमाणे त्यांनी विचारलं, “समजलं का?” आणि वर्गाने सवयीप्रमाणे एका सुरात उत्तर दिलं, “होऽ बाई.” चेहऱ्यांवरून कुणालाही काडीचंही समजलेलं दिसत नव्हतं. हा ‘हो बाई’ मुलं बालवाडीपासून शिकतात आणि दहावीपर्यंत विसरत नाहीत. तो म्हटला की तास संपतो, एवढंच त्यांना त्यातलं ठाऊक असतं.

मुख्यमंत्रिपदाला उभं कोण राहणार, या प्रश्नाला आधी सगळे तन्मयकडे बघू लागले. तन्मय हसतमुख पोरगा, कबड्डीत तरबेज, कुणाला कधी टाकून न बोलणारा. तो उभा राहिला. दुसरं कुणी उठेना. बिनविरोधच होतंय असं वाटत असताना मागून रुबिना मुलाणी उठली. ही वर्गात फारशी कुणाची मैत्रीण नव्हती. बोलायची कमी, आणि बोलली तर वाद घालायची. कौलाच्या यादीत तिला शंभरात तीन जणांचीही पसंती नव्हती. मुलं हसली. तन्मय हसला नाही, त्याने बाजूला सरकून तिला फळ्याजवळ जागा करून दिली.

मग उमेदवारांना प्रश्न विचारायचे होते. इथे मोठी पंचाईत झाली. मुलांना उत्तरं द्यायची सवय होती, प्रश्न विचारायची नव्हती. शेवटी एकाने सहलीचं विचारलं, एकाने कबड्डीच्या चटईचं. दोन्ही उमेदवारांनी गोड गोड उत्तरं दिली. बाई तास आवरता घ्यायच्या बेतात होत्या, तेव्हा पूर्वा ढेकणे अर्धवट उठली, बसली, पुन्हा उठली.

“मुलींच्या संडासाचं कुलूप कोण काढणार?” तिने खाली बघत विचारलं.

मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तो कुणाला प्रश्नच वाटत नव्हता. स्वच्छ शाळेची तपासणी कधीही येते. तपासणीत फरश्या चकचकीत दिसल्या पाहिजेत. वापरलं तर घाण होणार, म्हणून वापरायचंच नाही, असा सरळ हिशेब. किल्ली कार्यालयात खिळ्याला टांगलेली असे आणि साहेब लोक आले की निघे. आसपासच्या कैक शाळांत हीच रीत होती, आणि त्याबद्दल त्यांना प्रमाणपत्रंही मिळत होती.

“आम्ही शाळेत पाणीच पीत न्हाई,” पूर्वा म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. सकाळी घरून निघताना एक घोट, मग संध्याकाळी घरी गेल्यावर. पोटात दुखतं. दहावीतली एक ताई जळजळीने तापून दवाखान्यात पडली होती ती याच्यामुळेच. घरच्यांनी मग तिला शाळेतच पाठवली नाही.

वाघचौरे बाईंना कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. शिक्षकांच्या खोलीला लागून वेगळं स्वच्छतागृह होतं. त्या इतकी वर्षं तिथे जात होत्या आणि मुली कुठे जातात हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

तन्मयने प्रामाणिकपणे सांगितलं की त्याला हे ठाऊकच नव्हतं, आणि तो सरांना सांगून बघेल. रुबिना म्हणाली, “सांगून बघायचं न्हाई. किल्ली मागायची. दिली न्हाई तर सरांच्या खोलीपुढं बसायचं. रोज.” एवढंच बोलून ती जागेवर गेली.

मतदान दुसऱ्या दिवशी झालं. बाईंनी पाटीला हात लावू दिला नाही आणि कागदही घेतला नाही, कारण कागदावर अक्षर ओळखता येतं. त्यांनी घरून चिंचोके आणले, बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे आणले, झाकणांना भोकं पाडली. एका डब्यावर कबड्डीपटूचं चित्र, दुसऱ्यावर किल्लीचं. कपाट भिंतीपासून पुढे ओढून त्याच्या मागे डबे ठेवले आणि वर जुना नकाशा पडद्यासारखा सोडला. सगळ्यांच्या मनगटपट्ट्या काढून त्या पोह्यांच्या मोठ्या डब्यात बंद केल्या. पट्टी काढल्यावर मुलं आपलं मनगट चोळत राहिली. कित्येकांच्या तिथल्या कातडीने बऱ्याच काळात ऊन बघितलेलं नव्हतं.

खऱ्या मतदानाआधी बाईंनी अभिरूप मतदान घेतलं. जुन्या काळी यंत्र नीट चालतं की नाही ते पाहायला उमेदवारांच्या माणसांसमोर अशी खोटी मतं टाकून, मोजून, मग सगळं पुसून टाकत. ते पुसल्याशिवाय खरं मतदान सुरू करायचं नाही, हा केंद्राध्यक्षाचा पहिला धर्म. बाईंनी मूठभर चिंचोके डब्यांत टाकले, मोजून दाखवले, मग दोन्ही डबे उपडे करून, तळाला थाप मारून रिकामे असल्याचं तन्मयला आणि रुबिनाला पाहू दिलं. त्यानंतर एकेकाच्या बोटाला शाई लावून त्याच्या हातात एक चिंचोका दिला.

मुलं हसत खिदळत आत जात होती आणि गप्प होऊन बाहेर येत होती. आत काय होत होतं ते बाईंना दिसत नव्हतं, पण काही जण फार वेळ लावत होते. नकाशामागे कुणी बघत नाही, कुणी मोजत नाही, आणि हातात एक चिंचोका आहे, एवढीच ती भानगड. तरी एक दांडगट मुलगा बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

डबे सगळ्यांसमोर उघडले. रुबिना नऊ चिंचोक्यांनी निवडून आली. क्षणभर कुणाचा विश्वास बसेना, मग टाळ्या वाजल्या, आणि त्या तालात नव्हत्या. तन्मयचे कान लाल झाले होते. त्याने रुबिनाकडे जाऊन हात पुढे केला, आणि तिने आधी तो धरायचा की नाही याचा विचार केला. मग धरला.

चौगुले सरांना शब्द पाळावा लागला. रुबिनाने किल्ली घेतली, ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली, आणि दोन दोन मुलींच्या पाळ्या लावल्या. कुलूप निघालं. आतली फरशी धुऊन निघाली. आठवड्याभरात मुलींच्या बाटल्या मधल्या सुट्टीत भरल्या जाऊ लागल्या आणि त्या रिकाम्याही होऊ लागल्या.

नेमकं तेच कौलाला खटकलं. एका वर्गाच्या सगळ्या पट्ट्या एकाच वेळी निघाल्या होत्या, आणि त्यानंतर मुलींचं पाणी पिणं एकाएकी वाढलं होतं. पाटीवर लाल अक्षरं आली, ‘विसंगती’. त्यापाठोपाठ जिल्ह्याहून कौल समन्वयक रणपिसे साहेब आले.

रणपिसे तरुण होते, नम्र होते, आणि आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडलेली नसावी. मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा झाल्यावर त्यांनी बाईंना समजावून सांगितलं की घडलं त्यात गंभीर असं काही नाही. मुलांचा खरा कल तन्मयकडेच आहे, तो वर्षभराच्या नोंदींतून आलेला आहे. भाषणाच्या भरात मुलं वाहवत गेली. हा एक क्षणिक उमाळा.

“थोडक्यात, मॅडम, मुलांनी चुकीचं मत दिलं.”

“चुकीचं उत्तर असतं, साहेब,” बाई म्हणाल्या. “मत चुकीचं कसं असेल?”

रणपिशांनी हे मनावर घेतलं नाही. ज्यांचं मत त्यांच्या स्वतःच्या कलाशी जुळत नाही, अशा मुलांसाठी उपचारात्मक अध्यापनाची सोय आहे, असं ते म्हणाले. गणितात कच्च्या मुलांना नाही का आपण जादा तास देत? फक्त अशा मुलांची नावं हवी होती. बाईंनी सांगितलं की नावं कुणालाच माहीत नाहीत, त्यांनाही नाहीत, आणि तो निष्काळजीपणा नसून तीच तर सगळी गंमत आहे. रणपिशांनी मान हलवली. मग पुढचा मुद्दा मुलींच्या स्वच्छतागृहाचा निघाला. त्यांच्या नोंदीप्रमाणे या शाळेत त्याला मागणीच नव्हती. तीन वर्षांत वापर शून्य.

“कुलूप होतं त्याला,” बाई म्हणाल्या.

“ते वेगळं, मॅडम. मागणी असती तर कलात उतरली असती. मुलींची पाण्याचीसुद्धा मागणी कमी होती. समाधानाचा आकडा बघा, मुलींचा मुलांपेक्षा जास्त आहे.”

बाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मुली पोट आवळून, ओठ मिटून बसत होत्या, आणि यंत्राने त्या गप्प बसण्याला समाधान म्हटलं होतं. मुकाट सोसलं की तो होकार धरायचा, ही रीत काही यंत्राने काढलेली नव्हती. ती घरोघरची होती. यंत्राने फक्त तिचा आकडा काढून त्यावर शिक्का मारला होता. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. देवाला कौल लावतानासुद्धा आधी प्रश्न विचारावा लागतो, गुरव मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, मग मूर्तीवरची पाकळी डावीकडे पडते की उजवीकडे ते बघतात. यांचा कौल प्रश्नाच्या आधीच उत्तर देऊन मोकळा होत होता.

शेवटी रणपिशांनी मनातलं सांगितलं. जिल्ह्यातल्या शाळांच्या नोंदींवरूनच कौलाची अचूकता वर दाखवली गेली होती, आणि माळसांगवी त्यात अव्वल होती. ही विसंगती तशीच राहिली तर ग्रामपंचायतीची फाइल परत येईल, चौकशी लागेल. त्यापेक्षा सोपा मार्ग आहे. जे झालं ते अभिरूप मतदान होतं असं बाईंनी केंद्राध्यक्ष म्हणून लिहून द्यायचं आणि निकाल पुसून टाकायचा. मंत्रिपद तन्मयकडे, किल्ली खिळ्यावर, सगळं पूर्ववत. चौगुले सरांची सही झालीच होती. सर खिडकीबाहेर बघत होते.

“अभिरूप मतदान आम्ही आधीच घेतलं होतं,” बाई म्हणाल्या. “ते पुसलं, डबे उपडे करून दाखवले. त्यानंतर झालं ते खरं. साहेब, मतदान झाल्यावर पुसायचं बटण दाबणाऱ्याला आम्ही पोलिसांत द्यायचो.”

“मॅडम, तुमच्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत. विचार करा. मुलांना विचारू या का? तुमचा मुलांवर विश्वास आहे ना?”

विचारू या म्हटल्यावर बाईंना नाही म्हणता येईना. तिघेही नववीच्या वर्गात गेले. मुलं उभी राहिली, बसली. रणपिशांनी मुलांशी फार छान बोलून घेतलं. तुम्ही सगळे हुशार आहात, म्हणाले. तुमच्या मनात काय आहे ते कौलाला तुमच्यापेक्षाही नीट कळतं, म्हणून तुम्हाला त्रास घ्यावा लागत नाही. मध्यंतरी बाईंनी तुम्हाला जुन्या काळातला एक खेळ दाखवला, मजा आली. पण तो खेळ होता.

“समजलं ना?”

“होऽ सर,” वर्ग एका सुरात म्हणाला.

रणपिशांनी बाईंकडे पाहिलं. बाईंना त्यांचा राग आलाच नाही. त्यांना तो सूर ऐकू येत होता. या मुलांकडून तो त्यांनीच इतकी वर्षं घोटून घेतला होता, रोज, प्रत्येक तासाला, घंटा वाजायच्या आत. आता तोच सूर कुणीही परका माणूस येऊन वाजवू शकत होता. रणपिशांनी पाटी पुढे केली. खाली सहीची रेघ होती, वर लिहिलेलं होतं, ‘अभिरूप मतदान, निकाल रद्द’.

“नाही,” बाई म्हणाल्या, आणि पाटी त्यांच्याच हातात परत दिली. “मी सही करणार नाही. मुलं हो म्हणाली ती तुम्ही विचारलंत म्हणून नाही, घंटा व्हावी म्हणून. हे मी शिकवलंय त्यांना, मला ते ओळखता येतं.”

वर्गात चुळबूळ झाली. तन्मय शेटे उभा राहिला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

“सर, मी हरलो होतो,” तो म्हणाला.

रणपिसे हसले. म्हणाले, हरला नाहीस बाळ, तुझाच कल सगळ्यात वर आहे. आणि तुझी स्वतःची नोंद सांगते की तुला मुख्यमंत्री व्हायचं होतं.

“व्हायचंच होतं,” तन्मय म्हणाला. “लई वाईट वाटलं. पण सगळ्यांसमोर मोजलं ना. मी हात दिला तिला. आता परत मीच कसा?”

रणपिशांनी पाटीवर तन्मयची नोंद उघडली, वरखाली केली, आणि हा प्रकार कोणत्या रकान्यात बसतो ते शोधू लागले. त्यांच्या यंत्रात जिंकायची इच्छा मोजता येत होती, हरल्याचं दुःखही मोजता येत असेल. पण दुःख होऊनही हार आपली म्हणून ठेवून घेणारा मुलगा त्यात कुठे टाकायचा हे कुणी ठरवलेलं नव्हतं. वाघचौरे बाई तन्मयकडे बघत होत्या. त्यांनी गुप्त मतदान शिकवलं होतं, शाई शिकवली होती, डबे उपडे करायला शिकवलं होतं. हे त्यांनी शिकवलेलं नव्हतं.

रणपिशांनी शेवटी पाटी बंद केली आणि चौगुले सरांना म्हणाले की मॅडमच्या सहीचं आपण नंतर बघू, तूर्त निदान किल्ली ताब्यात घ्या. पंधरा दिवसांत मुलं आपोआप पूर्वपदावर येतील, असाच अनुभव आहे. सरांनी घसा खाकरला, रुबिनाच्या बाकाजवळ गेले आणि हात पुढे केला. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

रुबिनाने ओढणीची गाठ मुठीत धरली. सोडली नाही. “साहेब, एक विचारू?” ती म्हणाली, आणि परवानगीची वाट न बघता उभी राहिली. ग्रामपंचायतीचं मतदान बंद करायचं हे कसं ठरलं, असा तिचा प्रश्न होता.

रणपिशांचा चेहरा खुलला. हे उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. लोकांच्या इच्छेनेच ठरलं, ते म्हणाले. आधी संपूर्ण जिल्ह्याचा कौल काढला. शंभरातल्या ब्याण्णव लोकांचा कल मतदान नको असाच होता.

“त्यांना विचारलं होतं का?”

“विचारायची गरजच नव्हती, बाळ. तोच तर फायदा आहे. कौलाला आधीच माहीत होतं.”

या वेळी कुणी ‘हो सर’ म्हटलं नाही. चौगुले सरांचा हात अजून पुढेच होता, पण तो किंचित खाली आला होता. खिडकीच्या कट्ट्यावर उरलेल्या चिंचोक्यांची वाटी तशीच पडली होती. रुबिनाने हात लांबवून त्यातला एक उचलला आणि रणपिशांच्या समोर धरला.

“मग ज्याला नाही म्हणायचं होतं,” तिने विचारलं, “त्यानं हा कुठं टाकायचा होता?”